मागचे दांडे

दोन भोकं. एक टाचणी आत गेल्याचं, एक बाहेर आल्याचं. काळ्या कापडावर ती दिसतही नव्हती, पण झगा खिडकीशी धरला की उजेडाचे दोन बारीक ठिपके आरपार येत होते, डाव्या छातीवर, बोटभर अंतराने... आणि फेलिझ्मीना तो झगा हातात धरून उभी होती, चुलीवर कोबीचं सूप उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरत होतं तरी उभी होती. दोन टाके घातले असते तर काम झालं असतं. तिच्या हातचा टाका शोधून सापडायचा नाही, अशी तिची गाफान्या गावभर ख्याती. पण भोकं बुजवावीत तर काल काही झालंच नाही असं व्हायचं, आणि ठेवावीत तर... तर काय? विधवेच्या झग्याच्या भोकात कोण डोकावतंय.

पोराच्या नावाचं पदक मक्याच्या पिठाच्या पेटीत होतं, डबीसकट. काल लिस्बनहून आल्या आल्या तिने ते तिथेच खुपसलं. घरात जपून ठेवावं असं जे जे आलं ते त्या पेटीत गेलं होतं: नवऱ्याचं, बर्नार्दिनोचं घड्याळ, जे तो बुडेल म्हणून जहाजावर कधी नेत नसे — घड्याळ राहिलं, तो बुडाला — आणि पोराची, आदेलीनोची सैन्यातून आलेली पिवळी पत्रं, सुतळीने बांधलेली, एकोणीस.

टाचणी लावणाऱ्या जनरलच्या हातात पांढरे हातमोजे होते. हातमोजे घालून कधी टाचणी लावतात का? लिस्बनला नदीकाठच्या त्या मोठ्या चौकात आम्ही सगळ्या काळ्या बायका रांगेत उभ्या, तारेवर कावळे बसावेत तशा, आणि हा एकेकीसमोर थांबत येत होता. माझ्यासमोर आला, झगा चिमटीत धरला, टाचणी कापडातून गेली ती कातडीतही गेली. मी हलले नाही. त्याला वाटलं असेल, बाई दगडाची आहे. वाटू दे. आणि खोटं कशाला बोलू... मला बरं वाटलं होतं. बँड वाजत होता, ऊन लखलखीत होतं, आणि माइकवरून कुणी मोठा माणूस सांगत होता, की पाचशे वर्षं आपण आफ्रिकेतल्या त्या लोकांना नाव दिलं, क्रूस दिला, भाषा दिली, आणि आज मूठभर भडकलेली माणसं, ज्या घराने पोसलं त्याच घरावर उठली आहेत. फेलिझ्मीनाने मान हलवली होती. घर आपलं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शाळेत ती तीनच इयत्ता शिकली, पण त्या शाळेच्या भिंतीवर नकाशा होता, आणि बाई छडी फिरवून म्हणायच्या, बघा, आपला देश लहान नाही. आफ्रिकेतला हा एवढा आपला, तो एवढा आपला, आणि तिकडे थेट पूर्वेला गोवा, तोही आपला. गिनी त्या नकाशावर नखाएवढी होती. करंगळीच्या नखाएवढी. तेवढ्या जागेत माझा एकवीस वर्षांचा पोरगा मावला.

सूप अर्धं आटलं होतं. तिने ते उभ्यानेच प्यायलं, झगा खुंटीला लावला, कामाचा जुना झगा चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि बाहेर पडली. काल सुट्टी घेतली होती, आज नाही. मासा कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

मासे वाळवायच्या खळ्याकडे जाणारी वाट खाडीच्या कडेने जाते. जूनमध्ये खाडी रिकामी असते: कॉड मासा पकडायला गेलेली शिडांची जहाजं वसंतातच निघून न्यूफाउंडलंडला पोचलेली असतात, पोटात होडकी घेऊन, एकेका होडक्यात एकेक माणूस. त्या रिकाम्या पाण्याकडे ती बारा वर्षं बघत नव्हती; मान उजवीकडे वळवून चालायची सवय अशी मुरली होती की मानेची एक शीर कायमची आखडली होती. आज मात्र ती पाण्याकडे बघत चालली, कारण दुसरीकडे बघितलं की कालचा तो लंगडा पोरगा डोळ्यांपुढे येत होता.

सिल्वेरियो. डोंगरातल्या कुठल्याशा गावचा. समारंभ संपल्यावर कुबडी टेकत गर्दीतून आला आणि म्हणाला, आदेलीनोची आई ना तुम्ही, नाक सांगतंय. आदेलीनोच्याच तुकडीतला. तिला एका दुकानात घेऊन गेला, कॉफी मागवली, आणि साखर ढवळत राहिला, ढवळतच राहिला. मग त्याने सांगितलं. त्याला वाटत होतं, तो तिला भेट देतोय.

पाच जण होते ते. ओढ्यापलीकडच्या भाताच्या शेतात बाकीच्यांपासून तुटले. गुडघाभर चिखल. सिल्वेरियोच्या मांडीत गोळी घुसलेली, तो लव्हाळ्यात पडून होता. तिन्ही बाजूंनी बंडवाले. आणि त्यांच्यातल्या एकाने आवाज दिला, आपल्या भाषेत, "आमच्या हवालदारापेक्षा चांगली बोलत होता मावशी," — की बंदुका टाका, हात वर करा, तुमच्याशी आमचं भांडण नाही; घरी जा, तुमच्या आया वाट बघतायत. दोघांनी हात वर केले. तिसऱ्याला आधीच लागलं होतं. आणि आदेलीनो...

"आदेलीनो माझ्यापासून त्या खांबाएवढ्या अंतरावर होता," सिल्वेरियो म्हणाला. "त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'ह्यांना माझी आई माहीत नाही.' आणि हसला. आणि बंदूक घेऊन उभा राहिला. तेव्हाच ठरवलं मावशी, जगलोच तर ही आई बघायची."

त्या दोघांचं काय झालं, असं तिने विचारलं. ते जिवंत आहेत, तो म्हणाला, शेजारच्या देशात कैदेत. रेडक्रॉसकडून त्यांच्या आयांना पत्रं आली, एकाने लिहिलंय की तिकडे फुटबॉल खेळतो.

"कॉफी गार होतेय तुझी," फेलिझ्मीना म्हणाली. "पी."

बस्स. तेवढंच बोलली. आगगाडीत चार तास बसली, समोरच्या बाईने दिलेलं संत्रं सोललं, खाल्लं, साली खिशात ठेवल्या. हसला म्हणजे कसा हसला? माझ्या पोराची दोन हसणी होती. एक दात दाखवून, ते बापाचं. आणि एक नाकातून, कोंडीत सापडला की... चोरी पकडली की, मी ओरडले की. सिल्वेरियोला काय कळणार त्यातलं. विचारायला हवं होतं. नाही विचारलं, बरं केलं.

खळ्यावर बायका आधीच आल्या होत्या. लांबचलांब ओळी, कमरेएवढ्या उंचीचे तारांचे मांडव, वाऱ्याच्या दिशेने लावलेले, आणि गोदामातून धुतलेल्या खारट माशाचा वास. फेलिझ्मीना इथली मुकादमीण. ती दिसताच सगळ्या थांबल्या, आणि झुल्मीरा, जिच्या तोंडाला कुणी कधी झाकण लावलं नाही, ती पुढे आली.

"काय मावशी, जनरलने मिठी मारली की नुसताच मुका?"

"तुझ्या नवऱ्यासारखा होता," फेलिझ्मीना म्हणाली. "टोचलं, आणि पुढच्या बाईकडे गेला."

बायका खो खो हसल्या. पदक दाखव म्हणाल्या, तर ती म्हणाली पिठात आहे, भाकरी केली की तुकडा देईन. पुन्हा हसल्या. माझी जीभ माझ्याआधी उठते. आई म्हणायची, हिला देवाने जीभ दिली आणि मग उरलेल्या मातीत बाकीची बाई केली. आयुष्यभर ह्या जिभेचा अभिमान वाहिला — नवरा नाही, शिक्षण नाही, जमीन वीतभर, पण फेलिझ्मीनाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती... हसणाऱ्या बायकांच्या मागे कुश्तोदिया उभी होती. ती हसत नव्हती. ती चार वर्षं हसत नव्हती. तिने उचलफळीचे मागचे दांडे धरले होते आणि ती वाट बघत होती.

उचलफळी म्हणजे चार दांडे आणि मधे फळ्या. पुढे एक बाई, मागे एक बाई, आणि मधे ओल्या माशाची चळत. फळीला जोडी उंचीने लावतात, मनाने नाही. कुश्तोदिया आणि फेलिझ्मीना एका उंचीच्या, एका वर्षाच्या, लहानपणी एकाच रविवारी पांढऱ्या झग्यात पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये गुडघे टेकलेल्या. त्यामुळे वीस वर्षं फळी त्यांच्यातच होती. पुढे फेलिझ्मीना. पुढची पावलं ठरवते. पुढचीचा डावा पडला की मागचीचा उजवा पडायला हवा. पाय एकसारखे पडले की फळी झुलायला लागते आणि वरचा मासा सरकतो. मग पुढची म्हणते, बदल, आणि मागची पाऊल बदलते. चार वर्षांत त्यांच्यात झालेलं बोलणं म्हणजे एवढंच. उचल. बदल. ठेव.

"उचल," फेलिझ्मीना म्हणाली. कुश्तोदियाने उचललं.

आणि चालताना पाठीत काहीतरी टोचायला लागलं. कालच्या टाचणीसारखं, पण मागून. तिला कळत होतं ते काय आहे. मागच्या बाईची नजर. चार वर्षं ती ह्या पाठीवर होतीच, पण पाठ तेव्हा जाड होती.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. त्याच्या आधीच्या डिसेंबरात गोवा गेला होता. बातमी आली त्या दिवशी चर्चची घंटा मयताची वाजली, पाद्री प्रवचन देताना रडला, पुरुष टोप्या काढून रस्त्यात उभे राहिले. ज्या जागेला गावातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी अख्ख्या गाफान्याने सुतक धरलं. आणि मग कळलं की वरून हुकूम होता, एक तर जिंका नाहीतर मरा. आणि तीन हजारांवर शिपाई होते, मेले थोडे, बाकीच्यांनी हात वर केले. त्या बाकीच्यांत कुश्तोदियाचा पोरगा टोमे. पाच महिने तिकडे तारेच्या कुंपणात होता. बोटीने लिस्बनला परत आणले तर धक्क्यावर आपलेच शिपाई बंदुका रोखून, चोर उतरवावेत तसे. टोमे घरी आला तो डोळे खाली घालून.

आणि कुश्तोदियाने गोड पाव भाजला. अंडी घालून, सणाला करतात तसा. फडक्यात गुंडाळून खळ्यावर आणला, मांडवाच्या कडेला ठेवला आणि तुकडे करायला लागली. म्हणाली, माझा आला, तोंड गोड करा. पहिला तुकडा तिने मलाच दिला. मैत्रीण म्हणून. बर्नार्दिनो गेला त्या हिवाळ्यात तिनेच माझ्या चुलीत लाकडं घातली होती... आणि मी तुकडा हातात घेतला नाही. मी म्हटलं —

मी म्हटलं, "ठेव तुझा पाव. आमच्या घरचे पुरुष मासे घेऊन येतात, नाहीतर येतच नाहीत. हात वर करून आलेला अजून कुणी नाही."

आधी झुल्मीरा हसली, मग सगळ्या. खूप हसल्या. महिनाभर गावात ते वाक्य फिरलं, न्हाव्याच्या दुकानात, दारूच्या गुत्त्यात. लोक मला थांबवून पुन्हा म्हणायला लावत, आणि मी म्हणायची. कुश्तोदियाने फडक्याची चार टोकं उचलली, पाव परत बांधला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि तिने मागचे दांडे धरले.

आदेलीनो तिथे होता. सतरा वर्षांचा, मिठाची ढकलगाडी घेऊन गोदामाच्या दारात उभा. एवढं तिला आठवतं. त्याने कोणता सदरा घातला होता तेही आठवतं, कोपरावर ठिगळ, तिनेच लावलेलं. पण चेहरा... चेहऱ्याच्या जागी काही नाही. सगळ्या हसल्या. तो हसला का? हसला असेल तर बाकीच्यांसारखाच वाया गेला, आईचं पोर, आईच्या वळणाचं. मग तिकडे चिखलात जे बोलला ते आईच्या अभिमानाने बोलला. आणि हसला नसेल तर...

"बदल," ती म्हणाली. फळी झुलत होती. चूक तिचीच होती, पण पाऊल कुश्तोदियाने बदललं.

ऊन चढत गेलं. मासा ताटासारखा उघडा पसरायचा, कातडं खाली, मांस वर, शेपटीला शेपटी लागू द्यायची नाही. जूनचं ऊन हरामखोर. सकाळी वाळवतं आणि दुपारी शिजवतं. मुकादमिणीने दर थोड्या वेळाने हाताची मागची बाजू माशावर टेकवून बघायची, आणि कोमट लागला की हाळी द्यायची, मग हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं आणि मासा सावलीत न्यायचा. साडेदहाला तिने हात टेकवला. हाळी दिली. बायका ओळींमधून धावल्या, झगे खोचून, एकमेकींना शिव्या देत, आणि ती मधे उभी राहून बघत होती, कुठली ओळ मागे राहतेय... आणि तेव्हा ते पत्र आठवलं.

सतरावं. ह्याच मांडवाला टेकून तिने ते बायकांना वाचून दाखवलं होतं, अक्षर अक्षर लावत. आदेलीनोने लिहिलं होतं, की आई, इथल्या बायकासुद्धा मासे वाळवतात, लहान मासे, चटयांवर, आणि तुझ्यासारख्याच ओरडतात. काल आम्हाला एका वस्तीवर नेलं होतं. फार धूर झाला. परत येताना बघितलं तर मासे चटयांवर तसेच होते, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि गोळा करायला कुणी नव्हतं. मी दोन चटया ओढून सावलीत केल्या, तर हवालदार ओरडला.

आणि ती काय म्हणाली होती? ती म्हणाली होती, "बघा गं, कसल्या बायका. मासा उन्हात टाकून पळतात, आणि म्हणे आम्हाला राज्य पाहिजे." बायका हसल्या होत्या.

गोळा करायला कुणी नव्हतं. वाक्य सरळ होतं, तिसरी शिकलेल्या बाईलाही कळावं असं. पोराने आईला दुसरं कसं लिहावं? त्याने मला मासे दाखवले, कारण मला माणसं दिसत नाहीत, मासे दिसतात. आणि मी मासेच बघितले. कुठली बाई मासा उन्हात टाकून जाईल? मी गेले असते? घर जळत असतं तरी एक ओळ आत घेतली असती... म्हणजे ती बाई गेली नव्हती. ती तिथेच कुठेतरी होती. आणि तिचा मुलगा? तो कदाचित भाताच्या शेतात, बंदूक रोखून, आमच्या भाषेत म्हणत होता, घरी जा, तुमच्या आया वाट बघतायत. जगात माझ्या पोराला घरी जा म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि तो आमच्यावर उठलेला. मी नाही म्हटलं. मी तर त्याला...

सहा मोसम. सहा उन्हाळे कॉडच्या जहाजावर काढले की सैन्यातून सुटका, असा कायदाच आहे. इथली निम्मी पोरं तशीच वाचली. जहाजाचा माणूस कागद घेऊन घरी आला होता. पोरगा एकवीसच्या आत, म्हणून आईची सही लागत होती. आदेलीनोने टेबल पुसलं, कागद ठेवला, पेन ठेवलं. तिने पेन बोटाने ढकललं, ते खाली पडलं. त्याचा बाप धुक्यात चुकला तेव्हा जहाजावरच्यांना दोन तास त्याचा शंख ऐकू येत होता. होडक्यातून फुंकत होता, मी इथे आहे, मी इथे आहे, आणि मग थांबला. ते मी बारा वर्षं ऐकतेय. नाही, म्हणाले मी, सैन्यात निदान पायाखाली जमीन असते; समोरून कोण येतंय ते दिसतं. ह्या चुकीबरोबर ती सात महिने जगत होती. रोज पेन ढकलत होती, रोज ते खाली पडत होतं. ती तिची चूक होती, भीतीची. प्रेमाची म्हणा हवं तर. कुठल्याही आईने केली असती. तिच्याखाली दुसरी असेल, प्रेमाची नसलेली, हे तिला काल कॉफीच्या दुकानात कळलं.

दुपारी बायका गोदामाच्या सावलीत भाकऱ्या सोडून बसल्या. कुश्तोदिया नेहमीसारखी एका टोकाला, उलट्या टोपलीवर. फेलिझ्मीना उठली. मक्याची भाकरी आणि भाजलेली सार्डिन मासळी फडक्यात तशीच घेऊन तिच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. मुकादमीण जमिनीवर बसत नाही. पलीकडे झुल्मीराचं बोलणं अर्ध्यात थांबलं.

"कुश्तोदिया."

हे नाव चार वर्षांत तिच्या तोंडून निघालं नव्हतं. जीभ त्यावर अडखळली, गंजलेल्या कडीसारखी.

"तू पाव आणला होतास त्या दिवशी. माझा पोरगा हसला होता का?"

कुश्तोदियाने तोंडातला घास चावला. सावकाश चावला, गिळला. कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. आज का विचारतेस, असंही नाही.

"नाही," ती म्हणाली.

 वारा मांडवांच्या तारांमधून जात होता. फेलिझ्मीनाला वाटलं संपलं, ती फडक्याला गाठ मारायला लागली. आणि कुश्तोदिया समोरच्या रिकाम्या ओळींकडे बघत बोलायला लागली, तिच्याशी नाही, ओळींशी बोलावं तशी.

"संध्याकाळी घरी आला होता. मावशी, पाव उरलाय का म्हणाला. उरला होता, सगळाच उरला होता. दोन तुकडे खाल्ले. मग टोमेजवळ बसला. टोमे तेव्हा कुणाशी बोलत नव्हता, माझ्याशीसुद्धा. त्याच्याशी बोलला."

"काय बोलला?"

"तुझा विचारत होता, भीती वाटली का. हात वर करताना काय वाटतं." कुश्तोदियाने मांडीवरचा चुरा तळहातावर घेतला. "टोमे म्हणाला, हात वर करणं काही अवघड नाही रे. घरी येणं अवघड आहे."

तिने चुरा तोंडात टाकला, फडकं झटकलं, घडी केली. तिच्या भाकरीचा अर्धा तुकडा अजून टोपलीच्या कडेवर होता. तो तिने फेलिझ्मीनापुढे केला नाही, उचलून स्वतःच्या खिशात घातला. बरंच केलं. केला असता तर फेलिझ्मीनाला तो घेता आला नसता, आणि नाकारताही आला नसता.

त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नव्हता. आत्ता आठवलं... पोट भरलंय म्हणाला. कुठे चरून आलास रे, मी म्हटलं. तो हसला. नाकातून. ते हसणं मला आठवलं, बाई, तेच आठवलं, चुलीच्या उजेडात, कोपरावर ठिगळ. जो चेहरा मी गोदामाच्या दारात शोधत होते तो माझ्या स्वयंपाकघरात होता, आणि त्यावर काही अभिमान नव्हता. एक पोरगा होता, ज्याने आईपासून लपवून गोड पाव खाल्ला होता. आणि तोच पोरगा चिखलात उभा होता. तिन्ही बाजूंना बंदुका, आणि एका बाजूला, जी बाजू घराची, तिथे मी.

उतरत्या उन्हात मासा पुन्हा बाहेर काढायचा असतो. बायका उठल्या. कुश्तोदिया फळीच्या मागच्या टोकाशी गेली, तर तिथे फेलिझ्मीना आधीच वाकून मागचे दांडे धरून उभी होती.

कुश्तोदिया थांबली. तिने त्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. तोंडावर काय होतं कोण जाणे. मग ती वळसा घालून पुढे गेली.

"काय मावशी," झुल्मीरा लांबून ओरडली, "पदक मिळालं आणि मागे ढकललं का तुला?"

उत्तर जिभेवर आलंही होतं. आलं, आणि तिथेच बसून राहिलं. झुल्मीराने वाट बघितली, मग ती कामाला लागली.

मागून जग वेगळं दिसतं. वाट दिसत नाही, फक्त पाठ दिसते. कुश्तोदियाची पाठ डावीकडे झुकली होती — वीस वर्षं मागचं वजन, चढावर सगळा मासा मागे येतो, हे फेलिझ्मीनाला कुठे माहीत होतं. फडक्याखालून मानेवर पांढरे केस आले होते. मानेवर तोच तीळ, पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या टोपीखाली दिसायचा तो. हिला सांगावं. काय सांगावं? की तुझ्या मुलाने केलं तेच माझ्याने केलं असतं तर आज... की तो तुझ्या घरचा पाव खाऊन गेला हे बरं झालं, निदान कुणी तरी त्याला... शब्द जमवायला ती पेटीत हात घालत होती आणि हाताला पीठच लागत होतं. माफी हा शब्द तिला येत होता, चर्चमध्ये देवाला ती तो रोज म्हणत होती, पण देव तिच्या उंचीचा नव्हता, देवाबरोबर तिने फळी उचलली नव्हती.

ओल्या माशाचं पाणी फळ्यांतून तिच्या पायांवर गळत होतं. विचारात पावलं कधी एक झाली ते कळलं नाही. डाव्याबरोबर डावा, उजव्याबरोबर उजवा. फळी झुलायला लागली, चळत सरकली, वरचा मोठा मासा कडेला आला.

"बदल," कुश्तोदिया म्हणाली. मागे न बघता, आवाज न चढवता, जसं हजारदा ऐकलं होतं तसं.

फेलिझ्मीनाने पाऊल बदललं. दोन्ही हात दांड्यांवर होते, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते, आणि ओळ अजून बरीच लांब होती.